सातवी प्रत

कागद ओला आहे की नुसताच दमट, हे विदा तो गालाला लावून ठरवायची. बोटांवर तिचा विश्वास नव्हता. बोटं शाईने बधिर झालेली असतात, म्हणायची. चित्रं छापायच्या दिवशी घरात कांदा परतायचा नाही. फ्रिज बंद ठेवायचा, कारण त्याच्या घरघरीत प्रेसच्या रुळाचा आवाज नीट ऐकू येत नाही. कोरलेल्या पत्र्यावरची जादा शाई पुसायला नवऱ्याचे जुने बनियन. शेवटचा हात मात्र उघड्या तळव्याचा, खडूच्या भुकटीत बुडवलेला. कॉफीची कपबशी कायम स्टोव्हच्या बाजूला, खिडकीच्या बाजूला कधीच नाही. सोलताना हातातून बटाटा निसटला तर ती वाकून शोधत बसायची नाही. सरळ खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. बटाटा आपोआप तिथे यायचा.

त्या स्वयंपाकघराची जमीनच उताराची होती. झेमुनमधलं तळमजल्यावरचं जुनं घर. डॅन्यूब दोन गल्ल्या खाली. एकेका पुराने पाया खिडकीकडून थोडा थोडा खचवला होता. विदा, म्हणजे विदोसावा, लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिचा नवरा मिलिवोय म्हणाला होता, "चिंता करू नकोस. भाडं पण उताराचंच आहे." तो गोदीत वेल्डर होता आणि असल्या विनोदांवर स्वतःच हसायचा.

प्रेस आणली ती मिलिवोय आणि विदाचा मित्र रातोमिर या दोघांनी, एका बंद पडलेल्या कारखान्यातून, हातगाडीवर. दारातून मोठी प्रेस आत येईना. म्हणून त्यांनी तिथली सगळ्यात अरुंद प्रेस उचलली होती. ती स्टोव्ह आणि खिडकी यांच्यामध्ये बसली ती कायमची. विदाची सगळी चित्रं त्यामुळे उभी आणि चिंचोळी झाली. पुढे समीक्षकांनी त्यावर लिहिलं. कुणी म्हणालं, या उभ्या चौकटी म्हणजे शहरातला एकटेपणा. विदाला विचारलं की ती दाराकडे बोट दाखवायची.

उताराचं प्रकरण जास्त अवघड होतं. प्रेसची लोखंडी चौकट त्या जमिनीवर किंचित पिळवटून उभी होती. रूळ खिडकीच्या बाजूला जास्त दाबायचा. कागद उचलून उलटला की ती बाजू डावीकडे यायची. म्हणजे डावी कड काळीभोर आणि उजवी फिकी. पहिल्या वर्षी विदा त्यापायी रडली. दुसऱ्या वर्षी तिने चित्रंच तशी काढायला सुरुवात केली. माणसं डावीकडून येऊ लागली, काळोखातून. धुणं घेऊन निघालेली बाई, नांगरलेली बोट, दारात उभं मूल. सगळ्यांचा एक खांदा अंधारात. "मला काळोख आयता मिळतो," ती म्हणायची. "मी फक्त उजेड कोरते."

रातोमिर तिचा वर्गबंधू. पुढे तो कलाशाळेत प्राध्यापक झाला. तिथे त्याच्या ताब्यात मोठी प्रेस होती, काँक्रीटच्या सपाट जमिनीवर. पण विदाच्या प्रत्येक प्रदर्शनाचं उद्घाटन तोच करायचा. भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं: विदाच्या डावीकडच्या काळोखासारखा काळोख या देशात दुसऱ्या कुणाकडे नाही.

आणि तो तिचा कुम होता. तिच्या लग्नात साक्षीदार म्हणून तिच्या मागे उभा राहिलेला. तिच्या मुलीला चर्चमध्ये हातावर धरून बोयाना हे नाव ठेवलेला. नातं दोन्हीकडून चालतं, म्हणून तोही तिला कुमा अशीच हाक मारायचा. आमच्याकडे भाऊ भांडतात, घरं वाटली जातात, पण कुम तुटत नाही. बापानंतर त्याचा मुलगा पुढच्या पिढीच्या मागे उभा राहतो. वर देव, खाली कुम, अशी म्हण आहे, आणि लोक ती थट्टेत वापरत नाहीत.

त्या दोघांत आणखी एक करार होता, शिकत असल्यापासूनचा.

पत्र्यावरून ठरलेल्या प्रती काढून झाल्या की पत्रा मारावा लागतो. सुईने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल रेघा, फुलीसारख्या. मग फुलीसकट एक प्रत काढून ठेवायची. म्हणजे यातून आता नवं काही निघणार नाही, याला पुरावा राहतो. विदाला हे कधी जमलं नाही. पहिल्यांदा सुई हातात घेतली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला. "कोंबडी कापते मी," ती म्हणाली, "पण हे नाही." रातोमिरलाही स्वतःच्या पत्र्यावर हात उचलवेना. तेव्हा तोच म्हणाला, "तुझे मी मारतो. माझे तू मार. परक्याच्या पोरावर हात चालतो."

तेव्हापासून तसंच चाललं. प्रती पूर्ण झाल्या की विदा पत्रा पिठाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. तो यायचा, कॉफी प्यायचा, फडकं काखेत मारून जायचा. आठवड्याभराने फुली मारलेला पत्रा आणि फुलीची प्रत घेऊन परत. मधल्या दिवसांत पत्रा कुठे असतो, हे तिने कधी विचारलं नाही. कुमाला असलं विचारत नाहीत.

तिचं सगळ्यांना ठाऊक असलेलं चित्र म्हणजे 'पहिली शिफ्ट'. पहाटे स्वयंपाकघरात बसून बुटाच्या नाड्या बांधणारा मिलिवोय. त्याच्या पंधरा प्रती निघाल्या, प्रत्येकीवर तिचा आकडा आणि विदाची सही. मिलिवोय गेला तेव्हा त्यातली सातवी तिने त्याच्याबरोबर शवपेटीत दिली. सातवीच का, तर हाताला ती लागली. ती कागद दुमडायला निघाली होती. रातोमिर शेजारी उभा होता. "दुमडू नको, कुमा," तो हळूच म्हणाला. त्याने तो कागद स्वतः गुंडाळला आणि मिलिवोयच्या कोटात, छातीपाशी सरकवला.

बोयाना मोठी झाली आणि तिने स्वतःच मुलगा पाहिला. वाल्येवोचा, वुक नावाचा, जनावरांचा डॉक्टर. मुलाचं घर बघायला आई आणि मुलगी बसने वाल्येवोला गेल्या. रातोमिरही यायचा होता, पण त्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या.

वुकची आई स्तोयांका दारातच वाट बघत होती. विदाला मिठी मारली, मग कोट काढून घेतला, मग पुन्हा मिठी मारली. वडील रादिशा निवृत्त सर्जन, हळू बोलणारे. बसल्याबरोबर तबक आलं: पांढऱ्या चेरीचा मुरंबा, चमचे आणि पाण्याचे पेले. विदाने चमचाभर घेतला आणि तेवढ्यात स्तोयांकाने तिचा दंड धरला.

"विहीणबाई, चमचा घेऊनच चला. डोळे मिटा."

"अहो, पडेन मी."

"धरलंय ना मी. वुक म्हणाला, मुलीची आई झेमुनची, चित्रं छापते. मी म्हटलं, नाव काय? त्याने नाव सांगितलं आणि माझ्या हातातली ताटली पडली. विचारा यांना. उघडा आता डोळे."

टीव्हीच्या वर भिंतीवर मिलिवोय बसला होता. बुटाच्या नाड्या बांधत.

"मुलं भेटायच्या कितीतरी आधीपासून आहे हे आमच्याकडे," स्तोयांका म्हणाली. "तुमच्या कुमाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन यांनी केलं होतं. बरे झाले आणि हे घेऊन आले."

"लोक डॉक्टरला राकिया देतात," रादिशा मागून म्हणाले. "त्यातही जी स्वतःला पिववत नाही ती. हा पहिला माणूस, ज्याने काहीतरी चांगलं दिलं."

सगळे हसले. विदा बघत होती.

डावी कड काळी नव्हती. नुसती राखाडी, उजवीइतकीच. मिलिवोयच्या मागची फळी स्पष्ट दिसत होती. फळीवर पातेलं होतं, एक कान तुटलेलं, तिच्या आईचं. ते तिनेच कोरलं होतं. पण छापलेलं तिने ते कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या सगळ्या प्रतींत ते काळोखात बुडालं होतं.

खाली पेन्सिलीने तिचं नाव. चांगली सही होती. तिच्याहून जरा सुबक. आणि डाव्या कोपऱ्यात आकडा: पंधरापैकी सात.

"कसं लावलंय?" स्तोयांकाने विचारलं.

"छान लावलंय," विदा म्हणाली. "उजेड बरोबर येतो."

बोयाना दारात उभी होती. आईच्या हातातल्या चमच्यावर चेरी तशीच होती, आणि चमचा जराही हलत नव्हता. तिला ते बरं वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मग बोयाना म्हणाली, "माणसं चांगली आहेत."

"फार चांगली आहेत."

"मग?"

"सातवी तुझ्या बापाच्या कोटात आहे."

बोयानाला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. "आकडा चुकला असेल तुझा."

"आकडा चुकेल. पातेलं कसं चुकेल? ते आपल्या प्रेसवर निघालेलंच नाही."

"कदाचित कुमाने..." बोयाना थांबली. "आई, उरोश माझ्यामागे उभा राहणार आहे. रातोकाकांचा मुलगा आहे तो. निमंत्रणं गेलीत."

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस तेव्हाच जास्त ऐकू येतं."

विदा खिडकीबाहेर बघत राहिली. "लग्नाला काही होणार नाही," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते कितपत खरं आहे हे माहीत नव्हतं. कुम नाकारला तर लग्न उभं राहत नाही. लोक कारण विचारतात. आणि कारण सांगितलं तर वाल्येवोच्या भिंतीवरचं चित्र उतरवावं लागतं.

पुढच्या आठवड्यात रातोमिर आला. वसंतात केलेल्या पत्र्याच्या प्रती पूर्ण झाल्या होत्या, तो न्यायला. नेहमीसारखं दार न वाजवता आत आला आणि स्टोव्हच्या बाजूच्या खुर्चीवर बसला.

"काय कुमा, नवऱ्यामुलाच्या घरी पाहुणचार झाला म्हणे. खायला काय होतं?"

"वाल्येवोला असतं तेच. चरबीचा कुरकुरीत चुरा, तंबाखूसारखा बारीक."

"आणि मला नाही आणलास?"

"व्याह्यांनी तुझ्या पित्ताशयाची चौकशी केली."

रातोमिरने कप टेबलावर ठेवला. चुकून खिडकीच्या बाजूला. तो घसरायला लागला आणि विदाने तो न बघता धरला.

"रादिशा," तो म्हणाला. "तो रादिशा?"

"तोच."

मग त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"एका पत्र्याची एक. कधी दोन."

"सगळ्या पत्र्यांच्या?"

तो चष्म्याच्या काड्या मिटत उघडत राहिला.

"विकल्यास?"

"एकही नाही. माझ्या मुलाची शपथ. दिल्या. चांगल्या माणसांना दिल्या, ज्यांच्या घरी त्या नीट राहतील."

"आणि सही?"

"बिनसहीची प्रत म्हणजे बारसं न झालेलं पोर, कुमा. तसं कसं दारोदार सोडायचं?"

"बारसं कुणी केलं?"

"मी."

विदाने मान हलवली, जणू हिशेब बरोबर आला. "सात का?"

तो खिडकीकडे बघत होता. बाहेर शेजारीण गालिचा बडवत होती.

"कुमा, सात का?"

"ती जमिनीत होती," तो म्हणाला. "दोघींची कधी गाठ पडणार नव्हती."

शेजारणीने गालिचा उलटा केला आणि पुन्हा बडवायला लागली. विदाला आठवला तो त्याचा हात. मिलिवोयच्या कोटाची बटणं उघडणारा, कागद आत सरकवणारा, वरून कोट नीट करणारा. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं? तेव्हाच होतं की नंतर आलं? विचारून उपयोग नव्हता. त्याने सांगितलेल्या कुठल्याही उत्तरावर आता तिचा विश्वास बसणार नव्हता.

"कशासाठी पण?"

"मला बघायचं होतं. एकदाच. सपाट जमिनीवर तुझं काम कसं दिसतं ते. पहिल्या पत्र्याला बघितलं आणि मग थांबवेना." तो पुढे झुकला. त्याचा आवाज वर्गात बोलतात तसा झाला. "तू ते पातेलं कोरलंस. तुटलेला कान कोरलास, त्यावरचे पोचेसुद्धा कोरलेस. कुणासाठी? इथे ते कधी आलंच नाही. तुझं अर्धं काम या जमिनीने खाल्लंय, विदा. मी ते फक्त बाहेर काढलं."

"तू भाषणं करायचास. डावीकडचा काळोख."

"तेही खरंच होतं."

"माझ्यासमोर काळोख आणि माझ्या पाठीमागे तो पुसायचा बोळा. दोन्ही खरं नसतं, रातो."

रातो. कॉलेजातली हाक. लग्न झाल्यापासून ती त्याला फक्त कुम म्हणत होती. त्यालाही ते कळलं. त्याचा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा झाला.

"मग आता?" त्याने विचारलं. "लग्न?"

"उरोशने काय केलंय? तो उभा राहील. तूही येशील, पहिल्या टेबलावर बसशील. पोरं तुझ्याभोवती ओरडतील, कुमाची थैली पेटली म्हणून, आणि तू नाणी उधळशील. वाल्येवोच्या माणसांना काही कळता कामा नये. त्यांनी फक्त भिंतीवर एक चित्र लावलंय."

"आणि पत्रा?"

"पत्रा इथेच राहील."

त्याने कॉफी संपवली नाही. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "मला फक्त तुझं काम आवडत होतं." विदाने दार लोटून घेतलं. आपटलं नाही.

लग्न सप्टेंबरात झालं. उरोश बोयानाच्या मागे उभा राहिला, मेणबत्ती सरळ धरून. पोरं ओरडली. रातोमिरने नाणी उधळली आणि राकियाचा पेला उचलून वर देव, खाली कुम म्हणाला. सगळ्यांनी पेले उचलले. विदानेही उचलला, ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. स्तोयांका रडत होती, तिला दिसलं नाही. बोयानाला दिसलं. ती नाचताना दोनदा येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

सहीचं दुःख विदा पचवू शकली असती. सातव्या आकड्याचंही, कदाचित, खूप वर्षांनी. तिला जे सुटेना ते पातेलं होतं.

"चांगलं आलं होतं," ती एकदा बोयानाला फोनवर म्हणाली.

"काय?"

"पातेलं. त्याने चोरून काढलं, पण चांगलं काढलं होतं. मिलिवोयच्या पाठीमागे घर दिसत होतं. माझ्या चित्रात तो एकटाच बसलाय."

"पण आई, लोकांना तुझंच आवडतं."

"त्यालाही आवडतं, असंच म्हणायचा."

आता ती सुई हातात घेतली की डाव्या बाजूला जाऊन अडायची. इथे काही कोरावं का? कोरलं तर दिसणार नाही, हे तीसेक वर्षं तिला माहीत होतं. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. काळोखात काहीतरी आहे, आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे होतं. आता तिथे कुणीतरी वाकून बघत असल्यासारखं व्हायचं. आणि काही कोरलं नाही, तर मग तो काळोख कुणाचा? तिचा, की खचलेल्या पायाचा?

एका सकाळी ती वरच्या मजल्यावरच्या झिकाकडे गेली. तो निवृत्त गवंडी.

"झिका, तुझी पाणपातळी दे. आणि चार पाचरी."

"आता? अहो, घर त्या बाजूला पडायचं ठरलंय, पडू द्या ना निवांत."

"घर नाही. प्रेस."

झिका खाली आला, गुडघ्यावर बसला, शिव्या देत पहार लावली. खिडकीकडचे दोन पाय पाचर पाचर करून वर उचलले. काचेच्या नळीतला बुडबुडा हळूहळू सरकला आणि मधोमध येऊन उभा राहिला. झिकाने हात झटकले. "झालं. आता तुमची प्रेस झेमुनमधली एकुलती एक सरळ गोष्ट आहे."

तो गेल्यावर विदाने फडक्यातला तो वसंतातला पत्रा सोडला. याच स्वयंपाकघराचं चित्र होतं, माणसांशिवाय. प्रती पूर्ण झाल्या होत्या, नवी काढायचा तिलाही हक्क नव्हता. पण एकच काढायची होती, डावीकडे काय आहे ते बघायला, कुणाला न दाखवता, मग जाळून टाकायची. तिने शाई लावली. बनियनच्या चिंध्यांनी पुसली. तळवा खडूत बुडवून शेवटचा हात फिरवला. पत्रा प्रेसच्या फळीवर ठेवला, त्यावर दमट कागद, त्यावर लोकरीचं घोंगडं. फ्रिज बंद केला. चाकाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. एकदाच, असं रातोमिरही म्हणाला होता.

मग ती तशीच उभी राहिली. किती वेळ, ते तिलाही सांगता येत नाही.

शेवटी तिने हात काढले, धुतले, फ्रिज चालू केला आणि बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी वाल्येवोला मुलीकडे गेली ती महिनाभर. परत आली तरी त्या बाजूला गेली नाही. आता स्वयंपाक करते, प्रेसला वळसा घालून खिडकी उघडते, वळसा घालून परत येते. पत्रा घोंगड्याखाली तसाच आहे. शाई रेघांमध्ये वाळली असेल. कागद पत्र्याला चिकटला असेल. रूळ त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबलेला आहे, आणि चाक कुणी फिरवलेलं नाही.